आरोग्याचा पाठ : वापरलेली सुई कोठें जाते?

इंजेक्शन देऊन झालें, रोग्यानें दंड चोळला व देणारा हात धुण्यास उठला, म्हणजे सुईचें काम संपलें असें बहुतेकांस वाटतें. प्रस्तुत पाठांत आम्हांस दाखवावयाचें आहे तें हें कीं, सुईचा प्रवास तेथून पुढें चालूच असतो, आणि तो कोठें संपावा हें ज्या हातानें सुई वापरली त्याच हातानें, सुई हातांत असतांनाच, ठरविलें पाहिजे. ती एकदां हातांतून सुटली म्हणजे पुढें जिला किंवा ज्याला ती सांपडते, त्यास ती कोणाची, केव्हांची व कोणत्या रोग्याच्या रक्तानें माखलेली हें कळण्यास कांहींच मार्ग नसतो. या कामाचीं साधनें महाग नाहींत. कांहीं तर वाचकांच्या घरांतच रिकामीं पडलेलीं आहेत.

पूर्वीं हा प्रश्न फारसा नव्हता. सन १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडांत अलेक्झांडर वुड व फ्रान्सांत शार्ल प्रावाझ या दोघां वैद्यांनीं पोकळ सुईची पिचकारी प्रचारांत आणिली. त्यानंतर शंभर वर्षें व अधिक काळ ती कांचेची व धातूची असे. वडील मंडळींस आठवत असेल कीं, डॉक्टरांच्या टेबलावर स्टोव्ह पेटलेला असावयाचा, त्यावरील भांड्यांत सिरिंज व सुया उकळत असावयाच्या, आणि सुई बोथट झाली म्हणजे ती दगडावर घांसून तिला पुन्हां टोंक काढीत. अशी किंमतवान वस्तु कोण फेंकून देणार? तेव्हांचा धोका फेंकण्यांत नव्हता, नीट न उकळण्यांत होता. पुढें एकदांच वापरावयाची प्लास्टिकची सिरिंज आली, व उकळण्याची जरूरी संपली. परंतु जी वस्तु चार-पांच रुपयांस मिळते ती कोणी जपून ठेवीत नाहीं. स्वस्ताईनें एक संकट घालविलें व दुसरें आणून उकिरड्यावर टाकिलें.

या संकटाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. शिवणकामाची सुई बोटांत गेली तर तिच्या अंगावरचा मळ तेवढा आंत जातो. इंजेक्शनची सुई पोकळ असते, आणि तिच्या नळींत आधींच्या माणसाचें रक्त राहतें. डोळ्यांस दिसणार नाहीं इतकें थोडें रक्तही रोग नेण्यास पुरतें. ब प्रकारच्या काविळीचे विषाणु तर वाळलेल्या रक्तांतही निदान सात दिवस तग धरतात. हे विषाणु ज्याच्या रक्तांत आहेत अशा रोग्याची ताजी सुई लस न घेतलेल्या माणसांस टोंचली, तर शंभरांपैकीं तिसांपर्यंत माणसांस बाधा होऊं शकते. क प्रकारच्या काविळीचें प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे, आणि एचआयव्हीचें हजारांत सुमारें तीन. एचआयव्हीचें नांव ऐकतांच लोक दचकतात व काविळीकडे दुर्लक्ष करितात. सुईच्या बाबतींत हा हिशेब उलटा करावयास पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेनें सन २००० या एका वर्षाविषयीं जो अंदाज काढिला त्यांत असें आढळलें कीं, अशुद्ध इंजेक्शनांमुळें जगांत २ कोटी १० लक्ष लोकांस ब प्रकारची, २० लक्ष लोकांस क प्रकारची कावीळ व २ लक्ष ६० हजारांस एचआयव्हीची बाधा झाली. त्यापुढील दहा वर्षांत एकदां वापरलेली सुई पुन्हां वापरण्याची चाल पुष्कळ घटली, ही समाधानाची गोष्ट होय. सन १९९९ मध्यें या संघटनेनें इतर संस्थांसह असें सुचविलें होतें कीं, लसीकरणासाठीं आपोआप बंद पडणारी सिरिंजच सर्व देशांनीं वापरावी. या सिरिंजचा दट्ट्या एकदां खालीं दाबला कीं आंतील खिटीमुळें तो पुन्हां मागें ओढतां येत नाहीं, म्हणून ती दुसऱ्यांदा वापरणें अशक्य होतें. आपल्या गांवीं नर्सबाई बाळांस लस देतात ती अशाच सिरिंजनें. परंतु दट्ट्या अडकला तरी सुई टोंचावयाची ती टोंचतेच, हें विसरूं नये.

सुई फेंकण्यानें केवढा अनर्थ होतो याचें एक उदाहरण आपल्या शेजारच्याच प्रांतांतील आहे. सन २००९ च्या आरंभीं गुजराथेंत, तेव्हांच्या साबरकांठा जिल्ह्यांतील मोडासा या गांवीं व आसपास, ब प्रकारच्या काविळीची सांथ उठली, व तींत कित्येक डझन माणसें मरण पावलीं. वापरलेल्या सिरिंजांनीं पुन्हां इंजेक्शनें दिल्याचा तो परिणाम होता. चौकशी होतां होतां असेंही उघड झालें कीं, दवाखान्यांच्या कचऱ्यांतील सिरिंजा व सुया गोळा करून त्या पुन्हां विकण्याचा चोरटा धंदा चालला होता. तसेंच सन २०१८ मध्यें उत्तर प्रदेशांत उन्नाव जिल्ह्यांतील बांगरमऊ येथें कित्येक गरीब माणसांस एचआयव्हीची बाधा झाल्याचें आढळलें, आणि स्वस्तांत इंजेक्शन देत फिरणाऱ्या बोगस डॉक्टराच्या एकाच सुईकडे संशय गेला. यावरून वाचकांनीं एवढें समजावें कीं, अखंड टाकलेली सिरिंज ही कांहींच्या दृष्टीनें कचरा नसून माल असतो. म्हणून सुईपासून हात-पाय वांचविणें हें अर्धें काम. ती पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडणार नाहीं अशी करून टाकणें हें दुसरें अर्धें.

आतां आपल्या गांवांत सुई कोणत्या वाटेनें जाते तें पाहूं. पुष्कळांच्या मतें ही दवाखान्याची बाब आहे, घराची नव्हे. ही समजूत आतां चालणार नाहीं. साखरेच्या आजाराचे रोगी खेड्यापाड्यांतून वाढले आहेत. त्यांतील कित्येक रोज एकदां, दोनदां, कोणी चारदांही घरींच इन्सुलिन टोंचून घेतात. दिवसांतून दोन सुया म्हटल्या तरी एका घरांतून वर्षाला सातशेंवर सुया निघाल्या. त्या कोठें गेल्या असें घरच्या माणसांस विचारिलें तर बहुधा उत्तर येतें, “टाकल्या.” कोठें टाकल्या हें कोणी सांगत नाहीं, कारण कोणी पाहिलेलेंच नसतें.

कांहीं केराबरोबर उकिरड्यावर जातात. तेथें कोंबड्या उकरतात, मुलें अनवाणी खेळतात, आणि भंगार वेचणाऱ्या बाया उघड्या हातांनीं चाळवतात. पुढें तें खत गाडीनें शेतांत पडतें, व कोळपणीच्या वेळीं सुई कोणाच्या तरी टांचेंत निघते. कांहीं वैरणींत मिसळतात. गाय-म्हैस चारा न चावतां गिळते, तेव्हां तार, खिळा, सुई जें असेल तें तिच्या जाळीदार पोटांत जाऊन बसतें, आणि तेथून पडदा फोडून काळजापर्यंतही पोंचतें. असें जनावर खंगून मरतें व धन्यास कारण कळत नाहीं. कांहीं सुया शौचकूपांत टाकितात. तो खड्डा किंवा सेप्टिक टँक एके दिवशीं कोणास तरी उपसावा लागतो, हें टाकणाऱ्याच्या मनांत येत नाहीं. तो उपसणारा मनुष्य कोण असतो हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस दुसऱ्यानें सांगावयास नको.

कित्येक शहाणे लोक चुलींत टाकितात. यांत त्यांचा हेतु चांगला असतो. जाळानें जंतु मरतात हें खरें, परंतु पोलाद वितळण्यास सुमारें चौदाशें अंश उष्णता लागते. चुलीची ऊब तेथवर कधींच जात नाहीं. प्लास्टिक जळून घरांत विषारी धूर होतो, आणि सुई राखेंत जशीच्या तशी राहते. सकाळीं सून तीच राख घेऊन भांडीं घांसावयास बसते! नुसती शेतांत पुरणें हेंही तितकेंच वाईट. नांगर तिला वर आणतोच.

मग करावें काय? सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी साधन म्हणजे जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झांकणाचा रिकामा डबा. कपडे धुण्याच्या पातळ साबणाचा, फिनेलचा किंवा तेलाचा टणक कॅन चालतो. पाण्याची पातळ बाटली चालत नाहीं, सुई तिच्या कुशींतून बाहेर येते. कांच फुटते म्हणून तीही नको. फवारणीच्या औषधाचा डबा तर घरांत आणूंच नये, मग तो कितीही जाड असो. डबा स्थिर उभा राहणारा असावा, आणि त्याचें तोंड सुई सहज जाईल पण मुलाचा हात जाणार नाहीं एवढेंच असावें. त्यावर मोठ्या अक्षरांनीं ‘वापरलेल्या सुया, हात लावूं नये’ असें लिहावें, व ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं तांबड्या रंगाची ठळक फुली काढावी. तीन हिस्से भरला कीं झांकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. कांठोकांठ भरूं नये. वरची सुई दाबून बसवितांनाच बोटांत जाते. टिनाचा डबाही चालतो. डेन्मार्कांतील एका रचनाकारानें तर पेयाच्या रिकाम्या टिनावर घट्ट बसणारें प्लास्टिकचें झांकण योजिलें होतें. त्याच्या खांचेंत सुई अडकवून सिरिंज ओढली म्हणजे सुई टिनांत पडते व बाहेर येत नाहीं. कल्पना फार चांगली आहे, परंतु तें झांकण मिळेपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं.

डब्यापेक्षांही डब्याची जागा महत्त्वाची आहे. डबा फळीवर आणि रोगी ओसरीवर असें असेल तर सुई आधीं चटईवर ठेविली जाते, मग विसरते. आम्हीं एका वस्तीवर एक म्हातारी बाई पाहिली. तिची दृष्टि मंद, साखरेनें पाय बधिर झालेले, व घरांत रांगणारी नात. तिनें तेलाचा पांढरा कॅन इन्सुलिनच्या पिशवीच्या दोरीलाच बांधून टाकिला होता. पिशवी उचलली कीं कॅन बरोबर येई, आणि काम झाल्यावर दोन्ही खुंटीवर चढत. एवढ्या सोप्या युक्तीनें जें साधलें तें विजेच्या यंत्रानेंही साधलें नसतें.

येथें आणखी एक संवय मोडली पाहिजे. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हां बसविण्याची बहुतेकांस खोड असते, व दुसऱ्या हातानें टोपण धरल्यामुळें नेमकी त्याच हाताच्या बोटांत सुई जाते. टोपण न लावतां सुई सरळ डब्यांत टाकावी. इन्सुलिनच्या पेनाची सुई मात्र फिरवून काढावी लागते, म्हणून तिचें मोठें बाहेरचें टोपण सपाट जागीं ठेवून, एकाच हातानें पेन त्यांत खोंचून, मग फिरवावें. ज्या इन्सुलिन-सिरिंजेस सुई कायमची जडलेली असते ती अखंडच डब्यांत जाऊं द्यावी. सुई वांकविणें किंवा मोडणें नको.

दवाखाने, उपकेंद्रें व औषध देणारे खासगी डॉक्टर यांच्यासाठीं दुसरें साधन आहे, त्यास हब-कटर म्हणतात. हा हातानें चालतो, वीज लागत नाहीं. वरच्या भोंकांत सुई सोडून दांडा दाबला म्हणजे आंतील पातीं सिरिंजचा प्लास्टिकचा गळा कापतात. सुई गळ्यासकट खालच्या डब्यांत पडते, आणि सिरिंजेस आतां दुसरी सुई बसूंच शकत नाहीं. मोडासा येथें जो धंदा चालला होता त्याच्या मुळावरच हा घाव आहे. सुईची धातूची काडी तेवढी कापणारे कांहीं कटर मिळतात. त्यांनीं टोंकदार खुंट शिल्लक राहतो व रक्ताचा शिंतोडा उडतो, म्हणून ते घेऊं नयेत. विजेच्या ठिणगीनें सुई जाळणारें यंत्रही आहे, परंतु भारनियमनाच्या गांवांत तें दिवसांतून कित्येक तास मुकें बसतें, आणि त्याचा धूर नर्सबाईच्या नाकांत जातो. आमच्या मतें खेड्यास हातकटरच बरा.

कापलेल्या सुया फार थोडी जागा व्यापितात, हा हब-कटरचा आणखी एक लाभ होय. त्यामुळें दुर्गम भागांतील दवाखान्यास सुयांचा पक्का खड्डा पुरतो. हा खड्डा विटा व सिमेंटनें किंवा काँक्रीटच्या कड्यांनीं आंतून बांधितात, तळ पक्का करितात, वर जड फरशी ढाळतात व तींतून एक अरुंद लोखंडी नळी उभी काढून तिच्या तोंडाला कुलूप लावितात. नळींतून सुई आंत जाते. बाहेर काढण्यास वाट नाहीं. भरला म्हणजे नळींत सिमेंट ओतून तो कायमचा बंद करितात. विहिरीपासून तो दूर असावा, आणि ज्याच्या त्याच्या मनास येईल तेथें खणूं नये. सन २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीं ७५ किलोमीटरच्या आंत सार्वजनिक कचरा-प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्यानें स्वतःची निराळी व्यवस्था उभारण्यास मनाई केली. पुरण्याची मोकळीक तेथवर पोंच नसलेल्या दूरच्या खेड्यांसच दिली. त्याच नियमांत सुया व पातीं यांसाठीं पांढरा, आरपार दिसणारा, न भोसकणारा डबा सांगितला आहे. आपण ज्या डॉक्टराकडे जातों त्याच्या टेबलाजवळ असा डबा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा व नम्रपणें विचारण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार आहे.

घरचा भरलेला डबा कोठें न्यावा, हा प्रश्न मात्र अवघड आहे, व तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सन २०१६ च्या घनकचरा नियमांत घरांतून निघणाऱ्या सुयांची गणना घरगुती धोकादायक कचऱ्यांत केली, व तो वेगळा घेण्याचें काम स्थानिक संस्थेकडे सोंपविलें. परंतु नियम कागदावर उतरला म्हणजे घंटागाडी वस्तीवर आली असें होत नाहीं. तूर्त आशाताईस किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईस आधीं विचारून डबा प्राथमिक आरोग्य केंद्रांत द्यावा. जेथें नकार मिळेल तेथें एकट्यादुकट्यानें भांडण्यापेक्षां साखरेच्या सर्व रोग्यांनीं मिळून ग्रामसभेंत अर्ज करावा. दहा घरांचे डबे तीन महिन्यांतून एकदां पोंचविणें हें कोणत्याही केंद्रास जड नाहीं. भंगारवाल्यास मात्र तो डबा कधींही देऊं नये.

गोठ्याविषयीं दोन शब्द. जनावरांच्या सुया जाड असतात व गोठ्यांतच गळून पडतात. जनावराची सुई माणसास काय करणार, असें म्हणूं नये. सांसर्गिक गर्भपाताची जी लस कालवडींस टोंचितात तिच्यांत जिवंत जंतु असतात, आणि ती चुकून माणसास टोंचली गेली तर महिनोन्महिने ताप येतो. पशुवैद्य आले म्हणजे त्यांच्यापुढें धान्याच्या मापाबरोबर सुयांचा डबाही ठेवावा.

इतकें करूनही सुई टोंचलीच तर बोट तोंडांत घालूं नये, जखम पिळूं नये, तीवर चुना, हळद किंवा ॲसिड लावूं नये. वाहत्या पाण्यानें व साबणानें ती चांगली धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. एचआयव्ही टाळण्याचें औषध जितकें लौकर, शक्य तर दोन तासांत, सुरू होईल तितकें चांगलें. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाहीं, आणि तें २८ दिवस घ्यावें लागतें. ब काविळीची लसही तेव्हांच घ्यावी. बालकांच्या सरकारी लसीकरणांत ही लस आहे, परंतु मोठ्या माणसांपैकीं पुष्कळांनीं ती घेतलेली नसते. झाडलोट करणाऱ्या, गटारें उपसणाऱ्या व भंगार वेचणाऱ्या बंधुभगिनींनीं तर टोंचण्याची वाट न पाहतां तिचे तीन डोस आधींच घेऊन ठेवावे: पहिला, त्यानंतर एक महिन्यानें दुसरा, व पहिल्यापासून सहा महिन्यांनीं तिसरा.

जे उपदेशकबंधु हा पाठ वस्तीवर सांगतील त्यांनीं तो केवळ वाचून दाखवूं नये. एक पातळ बाटली, एक जाड कॅन, व मूठभर राख बरोबर न्यावी. बाटलींतून सुई कशी बाहेर येते व कॅनमधून कशी येत नाहीं हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पुढें बोलावें लागत नाहीं. राखेंत सुई लपवून ती कोठें आहे असें विचारावें, पण कोणास हात घालूं देऊं नये, चिमट्यानेंच काढावी. दाखविण्यासाठीं वापरलेली सुई मुळींच नेऊं नये. बंद पुडींतली नवी सुई घ्यावी, आणि पाठ संपल्यावर तीही सर्वांदेखत त्याच कॅनमध्यें टाकून झांकण लावावें.